आधी यादीत खूण, मग दारात रॅम्प: दिव्यांग मतदार आणि त्यांच्या मदतनिसांसाठी

"आजोबांना मतदानाला न्यायचंय, व्हीलचेअर कुणाकडे आहे का?" हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर मतदानाच्या दिवशी सकाळी अकराला येतो. तोपर्यंत बहुतेक गोष्टी हातातून गेलेल्या असतात. कोणत्या केंद्रावर किती व्हीलचेअर पाठवायच्या, स्वयंसेवक कुठे लावायचे, कुणाच्या घरी टपाली मतपत्रिका घेऊन पथक पाठवायचे हे सगळे आधीच ठरते, आणि ठरते ते मुख्यतः मतदार यादीत तुमच्या नावापुढे दिव्यांग म्हणून खूण आहे की नाही यावर. खूण नसेल तर निवडणूक कार्यालयाच्या हिशेबात तुम्ही धडधाकट मतदार.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ११ ने मतदान केंद्रे आणि निवडणुकीचे सगळे साहित्य दिव्यांगांना वापरता येईल असे ठेवण्याची जबाबदारी भारत निवडणूक आयोगावर आणि राज्य निवडणूक आयोगांवर टाकली आहे. म्हणजे हक्क कागदावर पक्का आहे. तो आपल्या गल्लीतल्या शाळेच्या पायऱ्यांपर्यंत पोचवायचा कसा, ते पुढे टप्प्याने दिले आहे. स्वतः दिव्यांग मतदार, घरची माणसे, आणि गणेश मंडळ, बचत गट किंवा सोसायटीतून मदतीला उभे राहणारे, अशा तिघांनाही हे वापरता येईल. टप्पा १ ते ७ लोकसभा-विधानसभेचे आहेत. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायतीचे नियम वेगळे, ते टप्पा ८ मध्ये.

## १. यादीत नाव, आणि नावापुढे दिव्यांगत्वाची नोंद

हे काम निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता करायचे.

आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर ओळखपत्राचा क्रमांक टाकून नाव शोधा. इंटरनेट जमत नसेल तर १९५० ला फोन करा, नाहीतर आपल्या भागाच्या बीएलओला, म्हणजे यादीचे काम बघणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला गाठा. बीएलओ बहुधा जवळच्या शाळेतले शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात. मतदान कार्ड हातात असणे आणि यादीत नाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड वीस वर्षांचे असले तरी यादीत नाव नसेल तर मतदान होत नाही.

नाव नसेल तर नमुना ६ भरा. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चारपैकी ज्या तारखेला १८ पूर्ण होतात, त्या तारखेपासून नाव येऊ शकते. १७ पूर्ण झालेल्या मुलांचा अर्ज आगाऊही घेतात. याच अर्जात दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी लिहायला जागा असते. ती ऐच्छिक असल्यामुळे बरेच जण कोरी सोडतात आणि पुढची गडबड तिथेच सुरू होते.

नाव आहे पण खूण नाही, असे असेल तर नमुना ८ भरा. हा एकच अर्ज चार कामांसाठी असतो: पत्ता बदल, नोंदीतली दुरुस्ती, बदली ओळखपत्र आणि दिव्यांग म्हणून नोंद. चौथा पर्याय निवडायचा. 'दुरुस्ती'वर खूण करून खाली कुठेतरी "मी दिव्यांग आहे" असे लिहिले तर अर्ज भलत्याच कामासाठी जातो. अर्ज केल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक वहीत लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी 'झाले का?' विचारायला गेलात की पहिल्यांदा तोच मागतात.

आयोगाचे 'सक्षम' हे अ‍ॅप खास दिव्यांग मतदारांसाठी आहे. नोंदणी, खूण करून घेणे, व्हीलचेअरची मागणी, केंद्र शोधणे ही कामे त्यातून होतात. आयोग आता आपली बरीच अ‍ॅप्स 'ईसीआयनेट' या एका छत्राखाली आणतो आहे, त्यामुळे 'सक्षम' सापडले नाही तर तिथे पाहा.

जवळ ठेवायची कागदपत्रे:
- मतदान कार्ड असल्यास त्याचा क्रमांक
- आधार किंवा वयाचा दुसरा पुरावा
- पत्त्याचा पुरावा (स्वतःच्या नावावर नसेल तर आईवडिलांच्या किंवा जोडीदाराच्या नावावरचा)
- पासपोर्ट आकाराचा फोटो
- यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र

सगळ्यात जास्त अन्याय बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता आणि मानसिक आजार असलेल्या माणसांवर होतो, आणि तो घरापासूनच सुरू होतो. "त्याला काय कळतंय मतदानातलं" असे म्हणून नावच घातले जात नाही. कायदा तसे म्हणत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १६ प्रमाणे मनोविकलतेच्या कारणावरून नाव नाकारायचे तर सक्षम न्यायालयाने त्या व्यक्तीला तसे घोषित केलेले असावे लागते. डॉक्टरांची चिठ्ठी, विशेष शाळेचा दाखला किंवा बीएलओचे मत त्यासाठी पुरत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली स्थानिक समितीकडून पालकत्व घेतलेले असेल तरी ती समिती म्हणजे न्यायालय नव्हे. तोंडी नकार आला तर वाद घालत बसू नका. अर्ज ऑनलाइन भरा किंवा मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. लेखी अर्ज नाकारायचा तर कारणही लेखी द्यावे लागते, आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय ते कारण लिहिणार कसे?

## २. प्रमाणपत्र कधी लागते, कधी नाही

इथे गोंधळ ठरलेला, म्हणून सुटे करून सांगतो.

यादीत खूण करून घ्यायला, केंद्रावर रांगेशिवाय आत जायला, व्हीलचेअर वापरायला किंवा सोबती न्यायला ४० टक्क्यांची अट नाही. पाय मोडून प्लास्टरमध्ये असलेल्या माणसालाही केंद्रावर व्हीलचेअर मिळते. घरून मतदान करायचे असेल तेव्हा मात्र ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागतेच. ८५ वर्षांवरच्या मतदारांना ते लागत नाही, त्यांना वयावर ही सोय मिळते. ही वयोमर्यादा आधी ८० होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ झाली. "मागच्या वेळी शेजारच्या ऐंशीच्या आजींना घरी मतदान मिळालं होतं" हे खरे असेल, पण आता लागू नाही.

यूडीआयडी कार्डाच्या पट्टीचा रंग पाहिला तरी अंदाज येतो: ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ८० पिवळा, ८० च्या पुढे निळा. कार्ड नसेल तर 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज होतो आणि तपासणी शासकीय रुग्णालयात होते. तपासणीला वेळ लागतो. निवडणूक जाहीर झाल्यावर अर्ज केला तर त्या निवडणुकीपुरता त्याचा उपयोग होईल असे धरू नका.

## ३. घरून की केंद्रावर?

घरून मतदानाची सोय दिव्यांगांसाठी २०१९ च्या नियमबदलानंतर आली. २०२४ च्या लोकसभेत ती पहिल्यांदाच देशभर एकाच वेळी दिली गेली. ती ऐच्छिक आहे. ज्याला केंद्रावर जायचे आहे त्याला "तुम्ही घरूनच करा ना" असा आग्रह करू नका, बीएलओनेही नाही आणि घरच्यांनीही नाही. चार लोकांत जाऊन बोटाला शाई लावून घेण्याची हौस दिव्यांगांनाही असते.

घरून करायचे असेल तर अर्ज आहे नमुना १२-डी. बीएलओने तो घरी आणून द्यायचा आणि भरून न्यायचा असतो. पण तो येईल म्हणून थांबू नका, कारण मुदत फार थोडी असते: निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवस. मतदानाच्या आधीचे पाच दिवस, असे समजून बरेच जण फसतात. २०२४ च्या विधानसभेचे उदाहरण घ्या. घोषणा १५ ऑक्टोबरला, अधिसूचना २२ ऑक्टोबरला, मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे १२-डी ची खिडकी दिवाळीच्या आधीच बंद झाली. फराळ आटोपल्यावर ज्यांना आठवण झाली, त्यांना केंद्रावरच जावे लागले.

अर्जात मोबाइल क्रमांक आणि सध्या राहत असलेला पूर्ण पत्ता, खुणेसकट लिहा. "मारुती मंदिराच्या मागे" एवढे लिहिले तर पथक तालुक्यात चार मारुती मंदिरे शोधत फिरेल. सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडा. अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे. कुणाच्या हाती दिला असेल तर पोच मागा.

१२-डी मंजूर झाला की यादीत तुमच्या नावापुढे टपाली मतपत्रिकेची खूण होते. त्यानंतर केंद्रावर मतदान करता येत नाही. पथक आले तेव्हा घरी नव्हतो, मग केंद्रावर गेलो, तर तिथूनही परत पाठवतील. पथक कधी येणार ते आधी कळवतात. पहिल्या खेपेला मतदार भेटला नाही तर दुसरी खेप होते, तिसरी नाही. त्या दिवसांत डायलिसिस किंवा फिजिओथेरपीची वेळ असेल तर निरोप आल्याबरोबर उलट फोन करून सांगा.

पथकात मतदान अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओ काढणारा असतो. एवढी माणसे एकदम दारात आली की वयस्कर मतदार बावरतात, म्हणून घरी आधी सांगून ठेवा. व्हिडिओ प्रक्रियेचा असतो. मतपत्रिकेवर खूण करताना आडोसा मिळालाच पाहिजे. घर एका खोलीचे असेल तर टेबल भिंतीकडे तोंड करून लावा आणि घरची मंडळी बाहेर बसू देत. अंध किंवा हात न चालणाऱ्या मतदाराला इथेही आपल्या पसंतीचा प्रौढ सोबती घेता येतो.

मत बाद होण्याची कारणे साधी असतात:
- मतपत्रिकेवर सही किंवा अंगठा केला. सरकारी कागद दिसला की सही करायची सवय असलेले हटकून हे करतात. सही फक्त मतपत्रिकेसोबत मिळणाऱ्या घोषणापत्रावर करायची.
- दोन नावांसमोर खुणा झाल्या, किंवा खूण दोन नावांच्या मधल्या रेघेवर पडली.
- घोषणापत्र मतपत्रिकेबरोबर लहान पाकिटात गेले. लहान पाकिटात फक्त मतपत्रिका, आणि ते लहान पाकीट व घोषणापत्र दोन्ही मोठ्या पाकिटात.

## ४. वस्तीची यादी करा

मंडळ किंवा सोसायटी म्हणून मदत करायची असेल तर पहिले काम यादीचे. एक साधी वही पुरते. रकाने असे ठेवा: नाव, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक, केंद्राचे नाव व खोली, काय अडचण (चालणे, दिसणे, ऐकणे, समजणे), काय लागेल (व्हीलचेअर, धरायला माणूस, ब्रेल चिठ्ठी, खुणांची भाषा जाणणारा), घरून की केंद्रावर, सोबती कोण, फोन.

'काय लागेल' हा रकाना त्या माणसाला विचारून भरा, त्याच्या मुलाला विचारून नाही. कुबड्यांवर स्वतः चालत जाणाऱ्याला व्हीलचेअर नको असते. कमी दिसणाऱ्याला सोबती नको, फक्त भिंग आणि उजेड हवा असतो.

ही वही कुठल्याही उमेदवाराच्या कार्यकर्त्याच्या हाती पडू देऊ नका. कुणाला काय आजार आहे आणि कोण एकटे राहते याची ती यादी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा फोटोही नको. निवडणूक कार्यालयाला द्यायची तेव्हा फक्त आकडे आणि यादीचे क्रमांक द्या: अमुक केंद्रावर तीन व्हीलचेअर, दोन ब्रेल चिठ्ठ्या, एक ऐकू न येणारे. प्रत्येक मतदारसंघात दिव्यांग मतदारांसाठी समन्वय बघणारा अधिकारी नेमलेला असतो. त्याचे नाव आणि क्रमांक तहसील किंवा निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळतो. मागणी लेखी द्या, पोच घ्या, आणि मतदानाच्या आठवडाभर आधी पुन्हा फोन करा.

वाहनाबाबत मंडळांची नेहमी चूक होते. उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कुणी मतदारांना फुकट ने-आण करायला वाहन देणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ प्रमाणे भ्रष्ट आचार आणि शिक्षेस पात्र गुन्हा आहे. प्रवासी दिव्यांग असला म्हणून त्याला सूट नाही. मंडळाच्या रुग्णवाहिकेवर नगरसेवकाचा हसरा फोटो असेल तर ती त्या दिवशी जागेवरच उभी ठेवा. घरची गाडी, किंवा स्वतः भाडे देऊन केलेली रिक्षा, हे बिनधोक. मंडळाला वाहन द्यायचेच असेल तर ते समन्वय अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने, कुठलाही फलक-झेंडा न लावता, त्यांच्या यादीप्रमाणे चालवा.

## ५. केंद्राची पाहणी, फूटपट्टी घेऊन

केंद्र बहुतेक वेळा शाळेत असते. मतदानाच्या दहा-बारा दिवस आधी, उजेडात जा. मुख्याध्यापकांना आधी सांगा. टेप आणि मोबाइल पुरे.

पहिली गोष्ट उतार, म्हणजे रॅम्प. सर्वमान्य प्रमाण १:१२. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. साधारण पायरी १५ सेंटिमीटरची धरली तर तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर, आणि त्यासाठी ५.४ मीटर, म्हणजे जवळजवळ १८ फुटांचा उतार हवा. प्रत्यक्षात काय होते? आदल्या रात्री मांडववाला आठ फुटी प्लायवूडचा एक तुकडा तीन पायऱ्यांवर टेकवून जातो. तो चढ १:५ च्या आसपास जातो. मागून ढकलणाऱ्याचा पाय घसरला की खुर्ची सरळ मागे येते. कागदावर मात्र 'रॅम्प उपलब्ध' अशी नोंद झालेली असते. म्हणून 'रॅम्प आहे का' असे न विचारता उंची आणि लांबी मोजा, आणि अर्जात आकडे लिहा. एवढी लांबी बसत नसेल तर मागच्या दाराने कमी पायऱ्या आहेत का ते बघा. पुष्कळ शाळांत स्वयंपाकघराच्या बाजूने जमीन सपाट असते.

बाकीचे बघायचे ते असे:
- रुंदी: उतार १२० सेंटिमीटर, दार ९० सेंटिमीटर. वर्गांची दारे दोन फळ्यांची असतात आणि एक फळी कायम कडी घालून बंद असते. दोन्ही उघडायला सांगा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.
- उंबरठा: दोन-तीन सेंटिमीटरचा लाकडी उंबरठाही व्हीलचेअरची पुढची लहान चाके अडवतो. दोन्ही बाजूंनी पाचर किंवा सिमेंटचा छोटा उतार लागतो.
- प्लायवूडवर काथ्याची चटई किंवा आडव्या पट्ट्या आहेत का. नुसते गुळगुळीत प्लाय पावसाने किंवा दवाने भिजले की कुबडी घसरते.
- फाटकापासून खोलीपर्यंतची जमीन. मैदानातली खडी किंवा वाळू व्हीलचेअरची सगळ्यात मोठी शत्रू.
- केंद्र तळमजल्यावर आहे का. वरच्या मजल्यावर असेल तर लगेच लेखी कळवा. शेवटच्या दोन दिवसांत खोली बदलत नाही.
- आत व्हीलचेअर वळायला दीड मीटरची मोकळी जागा. मतदान कक्ष (यंत्राभोवतीचा आडोसा) कोपऱ्यात घुसवलेला असेल तर तो पुढे ओढून घ्यावा लागतो. आदल्या दिवशी मतदान पथक येईल तेव्हा केंद्राध्यक्षांना हे दाखवा.
- स्वच्छतागृह, पाणी, सावली आणि बसायला खुर्च्या.

मोजमाप, फोटो आणि मागणी एका पानात लिहून समन्वय अधिकारी आणि क्षेत्रीय अधिकारी दोघांनाही द्या. मतदानाच्या दिवशी केंद्रावर फेरी मारणारा आणि रात्री मांडववाल्याला फोन लावू शकणारा माणूस म्हणजे क्षेत्रीय अधिकारी.

## ६. मतदानाच्या दिवशी, घरातून निघताना

ओळखीसाठी मतदान कार्ड, किंवा आयोगाने मान्य केलेल्या पर्यायांपैकी एक: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेले बँक पासबुक वगैरे. यूडीआयडी कार्डही या यादीत आहे, हे काही वेळा केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांनाही आठवत नाही. शांतपणे त्यांच्याकडच्या यादीत दाखवायला सांगा. मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही, ती फक्त नाव शोधायला.

मोबाइल आत चालत नाही. फोनवर वाचून घेणाऱ्या अंध मतदारांनी आपला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक पाठ करावा किंवा ब्रेलमध्ये लिहून न्यावा. कमी दिसणाऱ्यांनी स्वतःचे भिंग न्यावे. पांढरी काठी, कुबड्या, कानाचे यंत्र कुणी बाहेर ठेवायला सांगू शकत नाही.

जायला बरी वेळ म्हणजे सकाळी आठ ते दहा किंवा दुपारी दोन ते चार. पहिल्या अर्ध्या तासात केंद्रावर सगळेच नवे असते, आणि शेवटच्या तासात गर्दी. २०२४ मध्ये राज्यात मतदानाची वेळ सकाळी ७ ते संध्याकाळी ६ होती, गडचिरोलीसारख्या भागात मात्र काही ठिकाणी दुपारी ३ पर्यंतच. वेळ संपताना रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या वाटतात, ती घेतली की उशीर झाला तरी मत देता येते.

गाडी फाटकाच्या किती जवळ नेता येईल हे आदल्या दिवशी बंदोबस्तावरच्या पोलिसांना विचारून ठेवा. मदतनिसांसाठी चार गोष्टी. व्हीलचेअरला हात लावण्याआधी विचारा. चढताना तोंड पुढे, तीव्र उतार उतरताना उलटी, मागून धरून. उचलायची वेळ आलीच तर सांगाड्याला धरा, हात टेकायच्या दांड्यांना नको, त्या निघून हातात येतात. बॅटरीची खुर्ची माणसासकट उचलायचा विचारही करू नका. आणि अंध माणसाला दंडाला धरून ओढू नका, आपला कोपर पुढे करा, तो धरेल.

## ७. केंद्राच्या आत

दिव्यांग आणि वृद्धांना रांगेत थांबावे लागत नाही. स्वयंसेवक नसेल तर सोबतच्याने दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगावे.

ऐकू न येणारे: नाव पुकारले तर ऐकू येणार नाही, म्हणून पहिल्या अधिकाऱ्याच्या समोर उभे राहा. "मला ऐकू येत नाही, कृपया लिहून दाखवा" अशी चिठ्ठी खिशात ठेवा. मतदान झाल्याचा बीप कळणार नाही. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेले मत चिठ्ठीवर छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, तीच तुमची खात्री.

अंध आणि कमी दिसणारे: केंद्राध्यक्षांकडे ब्रेलमधली नमुना मतपत्रिका असते. मागून घ्या. तिच्यावरून उमेदवाराचा अनुक्रमांक शोधा आणि मग यंत्रावर निळ्या बटणाच्या उजव्या बाजूला असलेले ब्रेल आकडे चाचपून त्याच क्रमांकाचे बटण दाबा. एका यंत्रावर १६ बटणे असतात. उमेदवार जास्त असतील तर दोन किंवा अधिक यंत्रे ओळीने लावलेली असतात. किती आहेत आणि पहिले कोणत्या हाताला, हे कक्षात शिरण्याआधी विचारा. लांब बीप वाजला की मत नोंदले.

ब्रेल येत असेल आणि एकट्याने मत द्यायचे असेल तर "सोबती घ्याच" असा आग्रह कुणी धरू शकत नाही. सोबती ही सोय आहे, सक्ती नाही.

सोबती: निवडणूक संचालन नियम, १९६१ चा नियम ४९-एन यासाठी आहे. अंधत्वामुळे किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे चिन्ह ओळखता येत नसेल किंवा बटण दाबता येत नसेल तर मतदाराने निवडलेला सोबती कक्षात येऊन त्याच्या सांगण्याप्रमाणे बटण दाबतो. अटी तीन: वय किमान १८, त्या दिवशी तो आणखी कुणाचा सोबती झालेला नसावा, आणि मत गुप्त ठेवण्याचे घोषणापत्र त्याने द्यावे. नोंद नमुना १४-ए मध्ये होते. एकच कार्यकर्ता दहा जणांना आत नेऊन बटणे दाबतो, तो प्रकार रोखायलाच 'एकाला एकच' ही अट आहे. म्हणून मंडळाच्या यादीत प्रत्येक मतदारापुढे वेगळ्या सोबत्याचे नाव हवे. घरात आई आणि वडील दोघेही अंध असतील तर मुलगा एकाचाच सोबती होऊ शकतो, दुसऱ्यासाठी सून किंवा शेजारी लागेल. हे ऐनवेळी कळले तर धावपळ होते. केंद्रावरचा कर्मचारी सोबती होत नाही. नुसते लिहिता-वाचता येत नाही, एवढ्यावर सोबती मिळत नाही.

हात किंवा बोटे नसलेले: शाई डाव्या तर्जनीला लावतात. ती नसेल तर डाव्या हाताच्या दुसऱ्या बोटाला, डाव्या हाताला बोटेच नसतील तर उजव्या तर्जनीला किंवा उजव्या हाताच्या दुसऱ्या बोटाला, आणि दोन्ही हातांना बोटे नसतील तर हाताचे जे टोक आहे त्याला. "शाई कुठे लावू?" म्हणून कुणी अडवले तर हा क्रम नियम ४९-के मध्ये लिहिलेला आहे, एवढे सांगा. नोंदवहीत अंगठ्याचेही तसेच. एकही बोट नसेल तर सोबती घ्यावा लागतो आणि नोंदवहीत सही किंवा अंगठा त्याचा घेतात.

व्हीलचेअरवरचे: यंत्र उंच टेबलावर असेल तर वरची बटणे हाताला येत नाहीत आणि व्हीव्हीपॅटची काच डोळ्यांच्या रेषेत येत नाही. कक्षात जाण्याआधीच सांगा. मत सुरू केल्यावर आत कुणी येऊन टेबल सरकवणार नाही.

## ८. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत

या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. मतदार यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, त्यामुळे टप्पा १ मधली मेहनत इथेही कामी येते. मात्र १२-डी चा अर्ज लोकसभा-विधानसभेच्या नियमांतला आहे. त्याच्या भरवशावर इथे घरी बसू नका, केंद्रावर जायची तयारी ठेवा.

दुसरा फरक मतांच्या संख्येचा. मुंबई सोडून इतर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग असतात. चार जागांचा प्रभाग असेल तर चार मते द्यायची. जागा अ, ब, क, ड यांच्या मतपत्रिका वेगवेगळ्या रंगांच्या असतात, पण रंग अंध मतदाराच्या काय कामाचा? प्रत्येक जागा कुठून सुरू होते आणि कुठे संपते हे आधी समजून घ्या. लांब बीप सगळी मते दिल्यावरच वाजतो. एक बटण दाबून बाहेर पडायला निघालात तर मतदान अपुरे राहते. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचे 'नोटा' दाबा. इथे व्हीव्हीपॅटची चिठ्ठीही नसते, म्हणून ऐकू न येणाऱ्यांनी मत पूर्ण झाले का ते अधिकाऱ्याला खुणेने विचारावे.

## ९. अडले तर

केंद्रातल्या गोष्टीसाठी आधी केंद्राध्यक्ष, मग क्षेत्रीय अधिकारी, मग १९५०. 'सी-व्हिजिल' अ‍ॅप आचारसंहिता भंगासाठी आहे. पैसे वाटप किंवा मतदारांची फुकट वाहतूक तिथे टाका. रॅम्प नसल्याची तक्रार तिथे टाकून उपयोग नाही.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेले असेल तर घरी परतू नका. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागा, तो तुमचा हक्क आहे.

तक्रार लेखी द्यायची तेव्हा केंद्र क्रमांक, खोली, वेळ, आणि नेमके काय नव्हते ते आकड्यांत लिहा: "पायऱ्या ३, एकूण उंची ४५ सेंटिमीटर, फळी ८ फूट, कठडा नाही." एक प्रत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याला, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि एक पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला. दोन्हीकडून आवक क्रमांक घ्या आणि वस्तीच्या यादीच्या वहीतच चिकटवून ठेवा. पुढच्या निवडणुकीला बहुधा तीच शाळा असते आणि त्याच तीन पायऱ्या.